तुर्भ्याच्या गोडाऊनमधला पांढरा इटालियन कॅनव्हास : एक पावसाळा काढल्यावरचा रिव्ह्यू

सरळ मुद्द्यावर येते. तुर्भ्याला एमआयडीसीच्या बाजूला जुन्या फर्निचरची जी गोडाऊनं आहेत ना, त्यातल्या एकात एक इटालियन कॅनव्हास विकायला होता. १९७० च्या आसपासचा, अख्खा पांढरा, आणि सपाट नाही, मागून ढकलून उंचवटे काढलेला. मिलानहून परत आलेल्या एका फॅमिलीचं सामान निघालं त्यात तो आला असं काकांनी, म्हणजे गोडाऊनच्या मालकांनी, सांगितलं. मी तो घेतला, नेरुळच्या घरी लावला, एक पूर्ण पावसाळा त्याने आमच्याकडे काढला आणि आता लिहिते, कारण असल्या वस्तूचा रिव्ह्यू घेतल्या घेतल्या लिहिण्यात काही अर्थच नाही, नवी मुंबईची हवा लागल्याशिवाय कॅनव्हास कसा आहे ते कळतच नाही.

आधी हे सांगते की ऑनलाइन टाकलेला फोटो बघून काही ठरवू नका. काकांच्या मुलाने फ्लॅश मारून समोरून फोटो काढला होता आणि खाली लिहिलं होतं थ्री डी वॉल आर्ट. त्या फोटोत ती वस्तू थर्माकोलच्या पाटीसारखी दिसते, खरंच. समोरून फ्लॅश मारला की सगळ्या सावल्या मरतात, आणि या कामात सावली सोडून दुसरं काही नाहीच आहे. रंग एकच, पांढरा, तोही मॅट. रेघ नाही, ब्रशचा फटकारा नाही. कॅनव्हासच्या मागे लाकडाचे वळवलेले आकार बसवलेत आणि त्यांच्यावरून कापड ताणलंय, त्यामुळे खालून वर जाणाऱ्या तीन फासळ्या पुढे आल्यात, मधली वर जाता जाता थोडी उजवीकडे झुकते. उंची साधारण तीन फूट, रुंदी सव्वादोन फुटाच्या आसपास. बस एवढंच. पण बाजूने उजेड आला की त्या तीन फासळ्यांच्या कडेला करड्या रंगाच्या इतक्या छटा उतरतात की कोणी पेन्सिलने शेडिंग केलंय असं वाटतं, आणि उजेड सरकला की ते शेडिंगही सरकतं.

मी फाइन आर्ट शिकलेली आहे आणि एक्झिबिशनचे स्टॉल डिझाइन करायचं काम करते, त्यामुळे हा प्रकार पुस्तकांतून माहीत होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, म्हणजे तुम्ही काय विकत घेताय ते कळेल. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात जाड रंगाचे थर, ओरखडे, अंगात आल्यासारखे फटकारे असलेली अॅब्स्ट्रॅक्ट पेंटिंग खूप झाली. मिलानमधल्या काही तरुण पोरांना ते नको झालं. त्यांच्यापुढे लुचो फोंताना हा मोठा माणूस होता, जन्म १८९९ चा, अर्जेंटिनातला, १९४७ मध्ये तो इटलीत परत आला आणि १९५८ पासून त्याने कॅनव्हासला सरळ सुरीने चिरे द्यायला सुरुवात केली. म्हणजे कॅनव्हास ही चित्र काढायची जागा नाही, ती स्वतःच एक वस्तू आहे, तिला पुढचा मागचा असा अवकाश आहे, हे त्याने एका चिऱ्यात दाखवलं. मग पुढच्या पिढीतले एन्रिको कास्तेल्लानी, अगोस्तिनो बोनालुमी आणि पिएरो मान्झोनी. तिघांनी १९५८ मध्ये मिलानच्या गॅलेरिया पातेरमध्ये एकत्र कामं लावली. कास्तेल्लानी आणि मान्झोनीने १९५९ मध्ये आझिमुत नावाची स्वतःची गॅलरी काढली, ती वर्षभरही चालली नाही, पण तेवढ्यात जे व्हायचं ते होऊन गेलं. मान्झोनी तर १९६३ मध्ये गेलाच, एकोणतिसाव्या वर्षी.

यात मला सगळ्यात जास्त आवडणारी गोष्ट ही की कास्तेल्लानी ब्रसेल्सला आर्किटेक्चर शिकला होता आणि बोनालुमीचं शिक्षण टेक्निकल आणि मेकॅनिकल ड्रॉइंगचं. म्हणजे दोघंही मोजमाप करणारी, चौकट कशी उभी राहते हे समजणारी माणसं. कास्तेल्लानी चौकटीवर कमीजास्त उंचीचे खिळे ठोकायचा आणि कॅनव्हास काही ठिकाणी मागून पुढे ढकलायचा, काही ठिकाणी पुढून आत ओढायचा, त्यामुळे एका लयीत उंचवटा-खळगा-उंचवटा असा पृष्ठभाग तयार होतो. बोनालुमी खिळ्यांपेक्षा मागे आख्खे आकार बसवायचा, लाकडाचे, धातूचे, आणि वर व्हिनाइल टेम्परा या जातीचा एकच रंग. कामांना नावं पण तशीच, पांढरा, लाल, निळा, काळा. सिसिलीचा तुरी सिमेती कॅनव्हासखाली लंबगोल बसवायचा. फ्लोरेन्सजवळचा पाओलो स्केज्जी एकावर एक तीन कॅनव्हास ठेवून त्यांना भोकं पाडायचा, तो १९७१ मध्ये अगदी तरुणपणी गेला. आणि शेप्ड कॅनव्हास, म्हणजे आकार दिलेला कॅनव्हास, म्हटलं की आपल्याकडे लोकांना एकदम अमेरिकन फ्रँक स्टेला आठवतो, पण त्याचं वेगळं होतं, त्याने कॅनव्हासची बाहेरची कडा बदलली, कोपरे कापले, यू आकार, एल आकार वगैरे. या इटालियन लोकांनी बहुतेक वेळा चौकोन चौकोनच ठेवला आणि पृष्ठभाग हलवला. तुर्भ्याचा कॅनव्हास या दुसऱ्या घराण्यातला आहे, बोनालुमीच्या बाजूचा.

बाजूचा म्हटलं, बोनालुमीचा नाही, हे नीट वाचा. काकांना मी विचारलं की कुणाचा आहे, तर ते म्हणाले, "ताई, मला नाव माहीत नाही, खोटं सांगून मला विकायचं नाही, मिलानचा आहे एवढं नक्की." मला हे फार आवडलं. याच्याबद्दल पाचपैकी पाच. कारण या मंडळींची नावं घेऊन बाजारात वाट्टेल ते विकलं जातं. फोंतानाच्या नकला तर जगभर फिरतात. खरं काम असेल तर त्याचा कागद असतो, बोनालुमीचं आर्काइव्ह आहे, कास्तेल्लानीचं फाउंडेशन आहे, तिथे कामाची नोंद आणि फोटोसकट सर्टिफिकेट असतं, आणि मग किंमत कोटीत जाऊ शकते. लंडनला सोदबीज आणि ख्रिस्टीज या लिलाव कंपन्यांनी फक्त इटालियन आर्टचे वेगळे लिलाव वर्षानुवर्षं केलेत, न्यूयॉर्कच्या गुगनहाइम म्युझियममध्ये २०१४ ला जर्मनीतल्या झीरो ग्रुपचं मोठं प्रदर्शन झालं त्यात फोंताना, मान्झोनी आणि कास्तेल्लानी होते, कास्तेल्लानीला २०१० मध्ये जपानचा प्रीमियम इम्पेरियाले हा कला पुरस्कार मिळाला. त्यामुळे कोणी तुम्हाला ठाण्यात किंवा बेलापूरला बसून दोन-तीन लाखांत बोनालुमी देतो म्हणाला, आणि कागद नंतर मागवू म्हणाला, तर नमस्कार करून बाहेर पडा.

मी ८५ हजार दिले. काकांनी सव्वा लाख सांगितले होते. नाव नाही, गॅलरीचं लेबल नाही, मागे चौकटीच्या वरच्या पट्टीवर पेन्सिलने मिलानो आणि ७२ एवढंच लिहिलंय. ते आकडे कोणीही लिहू शकतो, म्हणून मी त्याच्यावर विसंबले नाही. मी विसंबले ते मागच्या बाजूवर.

असली वस्तू घेताना समोरून दहा मिनिटं बघा आणि मागून अर्धा तास बघा. मी आमच्या स्टॉलच्या कामाला येणाऱ्या सुतारदादांना सोबत नेलं होतं. त्यांना बोनालुमी-बिनालुमी काही सांगितलं नव्हतं. कॅनव्हास उलटा केल्यावर ते खाली बसले आणि पहिलं वाक्य म्हणाले, "ही वळणं मशीनवर नाही काढली मॅडम, हाताने रंधलीत, बघा कड कशी मारलीय." आणि खरंच, कापड जिथे लाकडाला टेकतं तिथली प्रत्येक कड गोल करून घासलेली होती. ती नाही केली तर काही वर्षांत कापड त्याच रेषेवर फाटतं. मग त्यांनी खिळे दाखवले, म्हणजे बारीक चुका (छोटे खिळे), एकसारख्या अंतरावर, काळ्या पडलेल्या, गंज आहे पण कापडात उतरलेला नाही. मूळ खिळ्यांच्या मध्ये कुठेही नवीन स्टेपल नाही, म्हणजे कापड पुन्हा ताणलेलं नाही. लाकूड उजेड लागलेल्या भागात गडद आणि आकारांच्या खाली झाकलेल्या भागात फिकट, हे वय पॉलिश मारून आणता येत नाही. कापड मागून पिवळसर झालंय पण सगळीकडे सारखं नाही, चौकटीलगत कमी. नवीन रंगाचा वास नाही. या सगळ्यावरून मी म्हणू शकते की वस्तू जुनी आहे आणि करणाऱ्याला त्याचं काम येत होतं. कोण होता ते नाही म्हणू शकत.

कामाची प्रत कशी आहे? मनापासून सांगते. मधली फासळी अप्रतिम आहे. ती जिथे झुकते तिथे कापडाचा ताण दोन्ही बाजूंना इतका अचूक वाटला गेलाय की एकही सुरकुती नाही, आणि हे किती अवघड आहे ते कापड ताणणाऱ्यालाच कळेल, कारण एका बाजूला ओढलं की दुसरीकडे चुणी पडतेच पडते. डावी फासळीही चांगली. उजवीच्या खालच्या टोकाला मात्र घाई झालीय, तिथे आकार अचानक संपतो, आणि कोपऱ्यात कापडाला हलकी घडी आलीय जी रंगाने झाकायचा प्रयत्न केलाय. पुस्तकात बोनालुमीची कामं बघितली की त्यात असं काही सापडत नाही, तिथे प्रत्येक वळण शेवटपर्यंत नेलेलं असतं. म्हणून मला वाटतं हा त्या काळात मिलानमध्ये हे सगळं बघत असलेला, शिकलेला, हात चांगला असलेला कोणीतरी असणार. आणि मला ते चालतं. त्या शहरात त्या वर्षांत एक विचार हवेत होता आणि नाव न झालेल्या माणसानेही तो इतक्या मन लावून केला, हे माझ्यासाठी मोठं आहे.

आपल्याकडे हे असं अगदीच परकं नाही. बंगालचे चित्रकार-शिल्पकार सोमनाथ होर यांची ७० च्या दशकातली वूंड्स ही मालिका बघा, पांढऱ्या कागदाच्या लगद्यात पांढऱ्याच जखमा, तीही फक्त उंचवटा आणि सावली. विषय पूर्ण वेगळा, तिथे दुष्काळ आणि माणसाचं शरीर आहे, इथे मोजमाप आहे, पण रंग न वापरता पृष्ठभागाला बोलतं करायचं हे दोन्हीकडे आहे. ज्यांनी त्या मालिकेतली एखादी प्रिंट प्रत्यक्ष पाहिलीय त्यांना हा कॅनव्हास लगेच उलगडेल.

आता सर्व्हिसबद्दल, इथे मार्क कापते. काका माणूस चांगला, बिल पक्कं दिलं, मागे बघायला वेळ दिला, घाई केली नाही. पण पॅकिंग! डिलिव्हरीच्या दिवशी गेले तर पोरांनी बबल रॅप सरळ रंगाच्या पृष्ठभागावर गुंडाळलेला, फुगे आतल्या बाजूला, वरून टेप घट्ट. बाहेर ऊन. मॅट पृष्ठभागावर बबल रॅपचे गोल गोल ठसे उठतात आणि ते जात नाहीत, दाब आणि उष्णता दोन्ही मिळाले तर नक्कीच उठतात. मी तिथल्या तिथे सोडायला लावलं. नशिबाने थोडाच वेळ झाला होता, डाव्या फासळीवर दोन पुसट गोल दिसतात, तेही फक्त सकाळच्या उजेडात. मग सुतारदादांनी तिथेच पडलेल्या प्लायचा उथळ खोका केला, कॅनव्हास मागच्या चौकटीवरून खोक्याला स्क्रूने धरला, म्हणजे पुढच्या बाजूला कशाचाच स्पर्श नाही, आणि छोट्या हत्तीत उभा ठेवून आणला, आडवा नाही. हा खर्च वेगळा झाला. तुम्ही घेणार असाल तर खोक्याचं आधी बोलून घ्या, काका नाही म्हणत नाहीत, त्यांना फक्त माहीत नाही.

लावायच्या जागेबद्दल खूप लिहू शकते पण मुख्य गोष्ट ही की खिडकीच्या समोरच्या भिंतीवर लावू नका, खिडकीला काटकोनात असलेल्या भिंतीवर लावा. आमच्या हॉलला पूर्वेची खिडकी आहे, सकाळी उजेड डावीकडून येतो आणि अकरापर्यंत कॅनव्हास सारखा बदलत राहतो. दुपारी सपाट होतो, तेव्हा त्याच्याकडे कोणी बघत पण नाही, ठीक आहे. रात्री मी छतावर एकच स्पॉट लावलाय, कॅनव्हासच्या वर, भिंतीच्या जवळ, तिरपा खाली. दोन बाजूंनी दोन लाइट लावायचा मोह होतो, इंटिरियरवाले सांगतातच, पण दोन्हीकडून उजेड आला की सावल्या एकमेकींना खातात. एकच. आणि पिवळा नको, न्यूट्रल पांढरा. भिंतीचा रंगही शुद्ध पांढरा नको, आमची हलकी राखाडी आहे, त्यामुळे कॅनव्हासचा पांढरा वेगळा उठतो.

पावसाळा. ज्यासाठी मी एवढं थांबले. कॅनव्हास हवेतली ओल घेतो, सैल पडतो, कोरडं झालं की ताणतो, आणि साध्या चित्रात याने फार बिघडत नाही पण इथे ताण हाच आकार आहे. जुलैत सलग पाऊस लागला तेव्हा मधल्या आणि उजव्या फासळीच्या मधलं कापड किंचित सादळल्यासारखं झालं, हात न लावता बाजूने बघितलं तर कळत होतं. घाबरून मागून चौकटीच्या कोपऱ्यातल्या ताण वाढवायच्या खुंट्या ठोकायला जाऊ नका, पाणी मारून कापड आवळायची ती जुनी युक्ती तर अजिबात नको, पन्नास वर्षांचा रंगाचा थर तडकेल. मी काय केलं तर बाहेरच्या भिंतीवर लावलंच नव्हतं, आतल्या भिंतीवर लावलंय, कारण सिडकोच्या जुन्या बिल्डिंगच्या बाहेरच्या भिंतींना ओल येतेच. मागे चारही कोपऱ्यांना बुचाचे जाड तुकडे चिकटवले म्हणजे भिंत आणि कॅनव्हासमध्ये हवा खेळते. हॉलमध्ये डिह्युमिडिफायर ठेवला, एसीचा झोत थेट येणार नाही असं बघितलं. ऑगस्टच्या शेवटी कापड आपलं आपण परत ताठ झालं. मागे बुरशी तपासत राहिले, आली नाही. फासळ्यांच्या माथ्यावर भिंग घेऊन बघितलं, नवीन तडा नाही, जुने दोन केसासारखे आहेत ते तेवढेच आहेत.

धूळ हा इथला दुसरा शत्रू. उंचवट्यांच्या वरच्या उतारावर ती बसते आणि सावलीच्या जागी खरी काळी रेघ तयार व्हायला लागते. ओलं फडकं कधीच नाही, कोरडं पण नाही. रुंद, एकदम मऊ ब्रश, वरून खाली, हलक्या हाताने, तेवढंच. आणि हात लावायचा नाही, पाहुण्यांना स्पष्ट सांगायचं. सगळ्यांनाच लावावासा वाटतो, पोरांना तर फारच, आणि बोटांचं तेल मॅट पांढऱ्यात बसलं की डाग काही वर्षांनी पिवळा होऊन वर येतो. माझ्या सासूबाईंनीच यावर उपाय काढला, खाली एक लांब बुटकं बाकडं ठेवलं, त्यामुळे माणूस आपोआप दोन फूट लांब उभा राहतो. काच लावू नका, काचेत खिडकी दिसते, काम दिसत नाही. फारच भीती असेल तर अॅक्रिलिकचा खोल बॉक्स करून घेता येतो, महागडी कामं असणारे करतात तसं, पण तो चांगला करणारा माणूस शोधा.

इटलीहून थेट मागवायचा विचार करणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगून ठेवते. तिथला कायदा जुन्या कलाकृती देशाबाहेर न्यायला परवानगी मागतो, पण २०१७ च्या बदलानंतर ती वयाची मर्यादा ७० वर्षं झालीय, त्यामुळे ६०-७० च्या दशकातल्या कामांना तेवढा त्रास नाही, विकणाऱ्याला डिक्लेरेशन द्यावं लागतं. तरी कागद पूर्ण झाल्याशिवाय पैसे पाठवू नका.

एकूण मार्क: काम चार, काकांचा प्रामाणिकपणा पाच, पॅकिंग एक, किंमत चार. किंमतीला पाच दिले असते पण उजव्या फासळीची घडी बघता ७५ ला मिळायला हवा होता असं मला अजून वाटतं.

त्याच फॅमिलीकडून आलेला अजून एक छोटा कॅनव्हास काकांकडे मी गेले तेव्हा होता, लाल, दीड बाय दीड, एकच गोल आकार पुढे आलेला. मी घेतला नाही कारण त्याच्या माथ्यावर रंग उडालेला आहे आणि वरून नवीन लाल लावलाय, तो चमकतो, जुना चमकत नाही. आकार मात्र सुंदर आहे. अजून असेल तर त्याच्या मागच्या पट्ट्या नीट बघा, आणि जाल तेव्हा दहाच्या आत जा, काकांना ट्यूबलाइट बंद करून शटर पूर्ण वर करायला सांगा, आणि कॅनव्हास दाराच्या बाजूला, उजेडाला काटकोनात उभा करायला लावा.